कूपमंडूकाच्या घरी

मागच्या वर्षी गणपतीत दादा आला होता. बावीस वर्षांत तीन देश करून झालेले, चौथ्याची बोलणी चालू. रात्री जेवणं आटोपली आणि सुपारी कातरता कातरता तो सहज म्हणाला, "तू म्हणजे अगदी कूपमंडूक राहिलीस बघ." आईसमोर म्हणाला, वहिनीसमोर म्हणाला, आणि वर हसलाही. मी ताटं उचलून मोरीत नेऊन ठेवली.

तसं त्याचं काही चुकलं नव्हतं. ज्या खोलीत मी लहानाची मोठी झाले ती, आणि आज जिथे बसून हे लिहिते आहे ती, या दोघींच्या मध्ये फक्त एक भिंत आहे. पोटापाण्यासाठी मी प्रुफं वाचते, तीही घरी बसून. तो शब्द कानाला टोचला तसाच डोळ्यालाही दिसला. कूपमधला कू दीर्घ, मंडूकमधला डूही दीर्घ. पुष्कळ लोक दुसरा ऱ्हस्व लिहितात. रागातसुद्धा मला शुद्धलेखन दिसतं, त्याला माझा इलाज नाही.

बेडकाशी माझी ओळख तोवर एकदाच झाली होती. अकरावीच्या प्रयोगशाळेत मेणाच्या ट्रेमध्ये चारी पाय टाचण्यांनी ताणून ठेवलेला, पोट उघडलेला. माझ्या लेखी बेडूक तेवढाच: हिरवट, गलेलठ्ठ, पावसाळ्यात डबक्यात बसून ओरडणारा. त्याच्यात जाती असतात, जातींचे डोंगर ठरलेले असतात, हे डोक्यात यायचं काही कारणच नव्हतं.

मग यंदा जूनमध्ये एका पुरवणीचा मजकूर वाचायला आला. सह्याद्रीतल्या बेडकांवरचा. त्यात 'निक्टिबॅट्रॅकस' हा शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी छापला होता. माझी भाची प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. तिला फोन करून विचारलं, नक्की कुठली तऱ्हा धरायची? ती खूप हसली. म्हणाली, ग्रीक आहे, निक्ट म्हणजे रात्र आणि बॅट्रॅकस म्हणजे बेडूक. आणि मग म्हणाली, "मावशी, स्पेलिंग काय बघतेस, बेडूकच बघायला चल. कोयनेला."

रातकिडा, रातराणी, रातवा असे शब्द आपल्याकडे आहेतच, तर मी यापुढे रातबेडूक म्हणते.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही कोयनानगरच्या वरच्या अंगाला एका वाडीत पोचलो. पाऊस असा की छत्री ही वस्तू तिथे विनोदी वाटावी. जिथे उतरलो त्या घरच्या आजींनी चहा पुढे करत विचारलं, कशापायी आलात? भाचीने सांगितलं. आजींनी आधी तिच्याकडे, मग माझ्या पिकल्या केसांकडे पाहिलं. "बेडकं बघाया पुण्यावनं आलाय व्हय? आमच्या न्हाणीत बसत्यात की चार-चार!" त्यांच्या नातवाला मात्र सगळं माहीत होतं. असले लोक त्याने आधीही पाहिले होते. त्याने मीठ-तंबाखूची पुरचुंडी जळवांसाठी खिशात टाकली, आणि रात्री साडेआठला आम्ही निघालो.

वाडीच्या मागे रान सुरू होतं आणि रानात शिरताच एक ओहोळ लागतो. एरवी उडी मारून ओलांडावा एवढाच, पण तेव्हा तो दगडांवर आपटत फेसाळत खाली चालला होता. मी टॉर्च पाण्यावर धरून बेडूक शोधायला लागले. बेडूक पाण्यात असतो, हे शाळेपासून ठाऊक. नातू म्हणाला, "पान्यात नगा बघू. पानं बघा." भाचीने दोघांच्याही वर ताण केली. "बघूच नका. टॉर्च बंद करा आणि ऐका."

टॉर्च बंद केला. पाणी, पाणी आणि पाणी. त्याच्यावर रातकिड्यांचा एकसुरी पडदा, त्याच्यावर पानांवरून गळणारे थेंब. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मान आखडली. ती म्हणाली, "ऐकलंस? आत्ता. परत." मला ओ की ठो कळलं नाही. खूप वेळाने, पाण्याच्या आवाजाच्या बुडाशी, एक आखूड, दबलेला आवाज सापडला. एकदा सापडल्यावर मात्र तो सगळीकडूनच यायला लागला. डावीकडून एक, वरच्या दगडापाशी दुसरा, अगदी माझ्या गुडघ्याजवळ तिसरा. मघापासून आम्ही त्यांच्या मधोमध उभ्या होतो.

गुडघ्याजवळचा तेवढा दिसला. ओहोळावर ओणवलेल्या एका रुंद पानावर, काडेपेटीत सहज मावेल एवढा, तपकिरी. पहिल्या नजरेत मला तो कुजलेल्या पानाचा तुकडा वाटला. अंगावरची कातडी बारीक सुरकुत्यांची. तासभर धुणं धुतल्यावर बोटांची होते ना, तशी. बोटांची टोकं किंचित चपटी, पानाला टेकलेली. आणि डोळा! भाचीने हाताच्या ओंजळीने झाकून उजेड अगदी मंद केला होता, त्यात डोळ्यातली बाहुली स्पष्ट दिसली. गोल नाही, आडवी फटही नाही. चक्क शंकरपाळ्याच्या आकाराची. या प्रजातीची ती खूणच आहे, म्हणाली. मी वाकून पाहत राहिले. त्याने एकदा हनुवटीखालची कातडी हलवली, बाकी ढिम्म. पानाच्या टोकाशी पारदर्शक चिकट गोळ्यात अंडी होती, प्रत्येकात एक फिकट ठिपका. तो त्यांच्यापासून वीतभरावर बसला होता.

हा निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी, मुंबईचा रातबेडूक म्हणून ओळखला जाणारा. मुंबई नावापुरतीच. १९५५ साली भादुरी आणि कृपलानी यांनी त्याचं वर्णन केलं तेव्हा हा सगळा मुलूख मुंबई राज्यातच होता. हुमायुनी हे नाव हुमायून अब्दुलअली यांच्यावरून. माणूस पक्ष्यांचा, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतला. बेडकांचे पाय परदेशी पाठवण्याच्या धंद्याविरुद्ध पुढे ज्यांनी लिहिलं, बोललं, त्यांत ते होते. शेतातले बेडूक पोत्यांनी पकडायचे, पाय कापून गोठवून पाठवायचे, आणि मग पिकावरच्या किडीसाठी औषधं विकत घ्यायची, असा तो उफराटा हिशेब. १९८७ मध्ये ती निर्यात बंद झाली. बेडकाला त्यांचं नाव मिळालं तेव्हा हे सगळं व्हायचं होतं. कापले जायचे ते भातखाचरांतले मोठे बेडूक, हा नव्हे. याच्या पायात कोणाचं पोट भरणार? पण मला तो योगायोग आवडला. आणि अकरावीच्या ट्रेमधला तो मोठा बेडूक इतक्या वर्षांनी पहिल्यांदा आठवला, ते काही आवडलं नाही.

या बेडकाची खरी कीर्ती झाली ती २०१६ मध्ये, आणि तीही नवरा-बायकोच्या खाजगी गोष्टीवरून. बहुतेक बेडकांत नर मादीला पाठीमागून घट्ट कवळतो, ती अंडी सोडते आणि तो तिथल्या तिथे ती फळवतो. कवळण्याच्या सहा तऱ्हा शास्त्रज्ञांनी तोवर नोंदल्या होत्या. संशोधकांनी सह्याद्रीत याच बेडकामागे ४० रात्री काढल्या, अंधारात दिसेल अशा कॅमेऱ्यांनी चित्रण केलं, आणि सातवी तऱ्हा सापडली. हा मादीला धरतच नाही. तिच्या पाठीवर ओणवा होतो, पण हात टेकतो ते पानावर किंवा फांदीवर. तिच्या पाठीवर बीज सोडतो आणि उतरून बाजूला होतो. मग ती एकटी अंडी घालते, आणि पाठीवरून, मांड्यांवरून ओघळत आलेलं बीज त्यांना फळवतं. त्या घटकेला दोघांचा एकमेकांना स्पर्शसुद्धा नसतो. शिवाय इथे मादीही आवाज देते. बेडकांच्या जगात माद्या बहुधा मुक्या, आवाज करणाऱ्या मोजक्याच. भाची हे सगळं खालच्या आवाजात सांगत होती. नातू सज्ञान माणसासारखा दुसरीकडे बघत होता.

अंडी पाण्यात का नाही घालत, मी विचारलं. वाहत्या पाण्यात ती टिकणार कशी, ती म्हणाली. म्हणून पाण्याच्या नेमकं वर, पानावर. पिल्लं तयार झाली की गोळ्यातून सुटतात आणि सरळ खाली पाण्यात पडतात. तोवर नर आसपास राहतो. एवढं करूनही खाणारे येतातच. त्याच अभ्यासात मांजऱ्या जातीचा एक साप रात्री झाडावर येऊन ही अंडी खाताना नोंदला गेला.

आणि आता माझा पराक्रम. मला फोटो हवा होता. दादाला दाखवायला, दुसरं काय. भाचीने फ्लॅश नको म्हणून बजावलं होतं. मी फ्लॅश बंदच केला, पण टॉर्च पूर्ण लावला आणि पुढे एक पाऊल टाकलं. दगड हलला, माझा पाय घोट्यापर्यंत ओहोळात गेला, फांदी हिसडली, आणि तो टुण्णकन पाण्यात. अंड्यांचा गोळा पानाच्या टोकाशी लोंबत राहिला. भाची काही बोलली नाही. मग आम्ही तिघंही टॉर्च बंद करून अर्धा तास पुतळ्यासारखी उभी राहिलो. तो परत आला की नाही ते कळलं नाही, कारण बघायचं तर उजेड करायला हवा होता. माझ्या पोटरीवरून तेवढ्यात दोन जळवांनी आपला वाटा उचलला. त्यांना मी काढलं नाही. तेवढी शिक्षा ठीक होती.

रात्री आजींच्या पडवीत पाय शेकत बसलो असताना भाचीने एक आकडा सांगितला, तो माझ्या डोक्यातून अजून जात नाही. रातबेडकांचं हे घराणं ७ ते ८ कोटी वर्षांचं आहे. आणि कोयनेचा हा काळा कातळ, ज्याच्यावर ही पडवी आणि हा ओहोळ, तो दख्खनच्या लाव्ह्याचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे बेडूक कातळाहून जुना. हिंदुस्थान तेव्हा बेट होता, आशियाला टेकायचा होता, हिमालय नव्हता. इथे लाव्हा वाहत होता तेव्हा इथे कोणी जगलं असणं शक्य नाही. तो निवला, त्याच्यावर माती झाली, रान झालं, ओहोळ झाले, त्यानंतरच या काडेपेटीएवढ्याचे पूर्वज कुठूनतरी एकेक ओहोळ धरत इकडे आले असणार. कूपमंडूकही कधीतरी निघाला होता तर. फक्त त्याला घाई नव्हती.

आणि एकदा बसल्यावर तो बसला. हे सगळे रातबेडूक पश्चिम घाटात आहेत आणि पश्चिम घाटाबाहेर जगात कुठेही नाहीत. जवळची भावकी म्हणावी तर समुद्रापलीकडे श्रीलंकेत. घाटातही ते सगळीकडे सारखे नाहीत. २०१२ मध्ये त्यांच्या जनुकांचा अभ्यास छापून आला. त्यात दिसलं की एकेका डोंगररांगेवर एकेक जुनी शाखा वसलेली आहे, आणि पालघाटची रुंद खिंड किंवा तिच्या दक्षिणेची शेनकोट्टाची खिंड त्यांच्यातली कित्येक कधी ओलांडूनच गेलेली नाहीत. ओल्या कातडीच्या या प्राण्याला कोरडं, उघडं, सखल मैदान म्हणजे वाळवंटच. म्हणून जो ज्या डोंगरावर राहिला, तो तिथलाच होऊन गेला. पलीकडच्या डोंगरावरचा हळूहळू दुसराच कोणी झाला. न निघाल्यामुळे इतके प्रकार झाले. हे वाक्य मी पडवीत मनाशी दोनदा म्हणून पाहिलं, दादाला ऐकवण्यासाठी. मग सोडून दिलं. बेडकाला साक्षीदार करून भावाशी भांडणं बरं दिसत नाही.

प्रकार तरी काय एकेक! उत्तर कन्नड जिल्ह्यातला एक २०१४ मध्ये नोंदला गेला, त्याचं नाव कुंबार, म्हणजे आपला कुंभारच. मादीने ओहोळावरच्या काडीला अंडी चिकटवली की नर ओहोळाच्या तळाची माती हातांनी उचलतो आणि मागच्या पायांवर उभा राहून अंड्यांना थापतो. अंडी सुकू नयेत, खाणाऱ्याला दिसू नयेत म्हणून असावं. बेडूक मातीने लिंपतो, हे वाचल्यावर मी आधी प्रुफात चूक शोधली होती. केरळातला एक पूचा. मल्याळममध्ये पूचा म्हणजे मांजर, आणि तो खरोखर म्यावच्या जवळ जाणारा आवाज काढतो. कॅसलरॉकचा एक, त्याचं नाव पेट्रियस, म्हणजे खडकातला. त्याला २००५ मध्ये नाव देणाऱ्या दोघांत आपले फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आहेत. एक डॅनिएली, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जे. सी. डॅनिएल यांच्या नावाचा. नावं ठेवणाऱ्यांना या बेडकांनी दमवलंय. २०११ मध्ये एका दमात १२ नव्या जातींची वर्णनं आली.

पण मला सगळ्यात ओढ आहे ती बारक्यांची. २००७ मध्ये वायनाडमधल्या कुरिचियारमला डोंगरावरचा मिनिमस जाहीर झाला: १० ते १४ मिलिमीटर. पाच रुपयांच्या नाण्यावर बसलेला त्याचा फोटो आहे, आणि नाण्यावर पुष्कळ जागा उरलेली दिसते. इतकी वर्षं तो लोकांना दिसत असणार, पण कोणाचं तरी पिल्लू म्हणून सोडून देत असणार. ते पिल्लू नव्हे, पूर्ण वाढलेला बाप्या आहे, हे पटायला वेळ लागला. मग २०१७ मध्ये सोनाली गर्ग, एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी पाच वर्षांच्या शोधानंतर सात नव्या जाती मांडल्या. २८ चे ३५ झाले. त्या सातांतले चार अंगठ्याच्या नखावर बसतील असे, त्यांतला रॉबिनमूरी १२.२ मिलिमीटरचा. हे ओहोळातही राहत नाहीत. ओल्या पाचोळ्याखाली, दलदलीतल्या गवताच्या बुडाशी असतात आणि आवाज किड्यासारखा काढतात. म्हणजे रानात उभं राहून "काय रातकिडे ओरडतायत" असं म्हणणाऱ्या किती जणांनी ते बेडूक ऐकले असतील! ऐकले आणि किडे म्हणून सोडून दिले.

कूपमंडूकाची गोष्ट आपल्याला ठाऊक असते. समुद्रातला बेडूक विहिरीत येतो, विहिरीतला विचारतो, तुझा समुद्र माझ्या विहिरीएवढा का? आणि आपण विहिरीतल्याला हसतो. प्रुफं वाचणाऱ्या बाईला या गोष्टीत आता एक ढळढळीत चूक दिसते. समुद्रात बेडूक नसतो. त्याची कातडी इतकी झिरपणारी की खारं पाणी त्याच्या अंगातलं पाणी ओढून घेतं. खाडीचं निमखारं पाणी सोसणारा एखादाच. तेव्हा त्या पाहुण्याने विहिरीत येऊन सांगितलेल्या समुद्राच्या बाता होत्या. विहिरीतल्याने फार तर एवढं विचारायला हवं होतं, की बाबा, तू राहतोस कुठे?

या बेडकांचा डाव एका गोष्टीवर लागलेला आहे: तो ओहोळ. एखाद्या जातीचं सगळं जग दोन-चार ओहोळांत असलं, आणि तिथून रस्ता गेला, वरच्या अंगाला पाणी अडवून नळ टाकला, कडेची झाडी साफ करून बंगले उठवले, की तिला हलायला जागाच नाही. जुनी जात आहे, तगेल, असं म्हणून भागत नाही. ती तगली ते ओहोळ तगले म्हणून. आणि आता पावसाळ्यात रात्री टॉर्च घेऊन येणाऱ्या आमच्यासारख्यांची भर. शास्त्रज्ञांनी अंधारात ४० रात्री काढल्या तेव्हा त्यांना जे दिसलं, ते आम्हाला उजेडात एका रात्रीत हवं असतं. मी हे घोट्यापर्यंत भिजलेल्या पायाने म्हणते आहे, याची जाणीव आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच, टॉर्चशिवाय, ओहोळावर गेले. पान जागेवर होतं, गोळाही होता. नर दिसला नाही. दिवसाचा तो कुठे दगडाच्या फटीत असणार. निघताना आजींच्या नातवाला सांगून आले, लक्ष ठेव. बारा-तेरा दिवसांनी त्याचा फोन आला. "ताई, पान रिकामं हाय." खाली पडली की सापाने खाल्ली? त्याने थोडा विचार केला. "पान्यात बारकं वळवळतंय. आता ते ह्याचंच का दुसऱ्या कुनाचं, ते मला न्हाई सांगता यायचं."

फोटो काही मिळाला नव्हता. पण त्या रात्री उभी असताना मी फोनवर आवाज टिपला होता, दीड मिनिटाचा. तो दादाला पाठवला. खाली लिहिलं, ओळख काय आहे. त्याच्याकडे सकाळ होती, लगेच उत्तर आलं: "नळ चालू राहिलाय का?"

मी लिहिलं, नळ नाही. कानाला लावून ऐक, चाळिसाव्या सेकंदाला.

बराच वेळ त्याच्याकडून काही आलं नाही. मग आलं, "परत ऐकतोय, थांब."